पितळेचे डाग आणि पितळेचे तडे

पावसाळा लागला म्हणजे आपल्या जुन्नर-आंबेगांवकडील घरोघरीं एक तक्रार ऐकूं येते. वैशाखांत चिंच लावून लख्ख केलेली पितळी घागर श्रावण उजाडण्यापूर्वींच काळवंडते, फडताळांतला तांब्या तपकिरी दिसूं लागतो, आणि माळ्यावर टाकलेल्या जुन्या पातेल्याच्या कांठाला हिरवट बुरा चढतो. गृहिणी म्हणते, "पितळ बिघडलें". मोड घेणारा म्हणतो, "पितळ सडलें", आणि भाव पाडतो. दोघांचेंही म्हणणें नेहमींच खरें असतें असें नाहीं. पितळेवरील पुष्कळ डाग केवळ वरवरचे असतात, आणि ज्या विकारानें पितळ खरोखर निकामी होतें तो कित्येकदां डाग न पाडतांच येतो. हा भेद शास्त्रज्ञांस प्रथम नीट समजला तो बंदुकीच्या काडतुसाच्या पितळी पुंगळीवरून. आणि तो धडा मिळाला आपल्याच देशांत, आपल्याच पावसाळ्यांत. ती हकीकत व तिच्यामागील शास्त्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सोप्या रीतीनें सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

पुंगळी कशी होते

काडतूस हा शब्द मराठी वाचकांस १८५७ च्या इतिहासामुळें परिचित आहे. त्या वेळचें काडतूस कागदाचें असे. शिपाई तें दांतांनीं फाडून दारू बंदुकीच्या नळींत ओतीत असे. पुढें दहा वर्षांच्या आंतच मागील बाजूनें भरावयाच्या बंदुका प्रचारांत आल्या, आणि इंग्लंडांत १८६६ च्या सुमारास बॉक्सर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलें काडतूस पुढें आणलें. अखंड पितळेची, सांधा नसलेली पुंगळी त्यानंतर कांहीं वर्षांनीं सर्वत्र रूढ झाली. आपल्या पुणें जिल्ह्यांत खडकी येथें दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं स्थापन झाला. तो आजही चालू असून २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या ताब्यांत आहे. जळगांव जिल्ह्यांत वरणगांव येथेंही १९६४ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. तेव्हां हा विषय आपणांस वाटतो तितका परका नाहीं.

काडतुसाचे चार भाग असतात. पुढें गोळी, आंत दारू, बुडाशीं ठिणगी पाडणारी टोपी, आणि या तिघांस एकत्र धरून ठेवणारी पितळी पुंगळी. चाप ओढतांच टोपी पेटते, दारू जळते, आणि क्षणार्धांत इतका वायु उत्पन्न होतो कीं, रायफलींत दर चौरस इंचावर सुमारें अठरा ते वीस टन इतका दाब पडतो. त्या क्षणीं पुंगळी फुगून नळीच्या भिंतीस घट्ट चिकटते व वायूस मागें येण्याची वाट बंद करते. दाब ओसरतांच ती पुन्हा किंचित् आंकुंचन पावते, म्हणून ओढून बाहेर काढतां येते. फुगावें पण फाटूं नये, आणि फुगल्यावर पुन्हा मागें यावें, हे दोन्ही गुण ज्या थोड्या धातूंत आहेत त्यांत पितळ अग्रेसर आहे. पुंगळीच्या पितळेंत १०० भागांपैकीं ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें.

हें पितळ पत्र्याच्या रूपांत येतें. त्याची गोल चकती कापून तिची वाटी करतात, आणि ती वाटी एकामागून एक अधिकाधिक अरुंद सांच्यांतून दाबून लांबवीत नेतात. प्रत्येक वेळीं धातु अधिक कठीण व ठिसूळ होत जातो. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत ज्यांनीं हंडे घडवितांना पाहिले असतील त्यांस हें लगेच समजेल. हातोडीचे ठोके बसूं लागले कीं पत्रा ताठ होतो, आणि तांबट तो भट्टींत तापवून पुन्हा मऊ करून घेतो. तापविल्यानें धातूंतील दबलेले, विस्कटलेले कण नव्यानें जुळतात व त्यांतील ताण नाहींसा होतो. काडतुसाच्या कारखान्यांतही अशीच पाळी चालते. शेवटीं मात्र बूड मुद्दाम कठीण ठेवतात, कारण दाबाचा मोठा भार तेंच सोसतें. गळा तेवढा ज्वाळेवर धरून मऊ करतात, कारण गोळी पकडावयाची व फुगावयाचें काम त्याचें आहे. म्हणजे एकाच पुंगळीचें एक टोंक कठीण व दुसरें मऊ असतें.

गोळी सुटल्यावर पुंगळी उरते. टोपी जळून गेलेली व तोंड थोडें फुगलेलें असतें, एवढाच काय तो बदल. म्हणून ती स्वच्छ करावी, सांच्यांत दाबून पूर्वीच्या मापास आणावी, आणि नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवावी, अशी चाल फार दिवसांची आहे. शिकारीच्या काळीं आपल्याकडे तशी पद्धत होती, आणि अमेरिकेंत व युरोपांत पुष्कळ नेमबाज आजही तसें करतात. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें हा गुन्हा आहे, हें येथेंच स्पष्ट सांगितलें पाहिजे. आपणांस त्या धंद्याशीं कर्तव्य नाहीं. पण पुंगळी पुन्हा वापरणाऱ्या मनुष्यास तिच्यावरील प्रत्येक डागाचा अर्थ कळावा लागतो. चूक झाली तर तापलेला वायु मागें फिरून त्याच्याच डोळ्यांवर येतो. म्हणून पितळेची पारख शिकावयाची तर त्याच्यापासून शिकावी.

डागांचे रंग आणि त्यांची कारणें

पहिला रंग तपकिरी. हवेंतील प्राणवायु व ओल यांच्या योगानें तांब्याचा अत्यंत पातळ थर गंजतो आणि पितळेचें सोन्यासारखें तेज मंद होतें. बोटांच्या घामांत मीठ असतें. त्यामुळें हाताळलेल्या ठिकाणीं बोटांचे ठसे उमटतात. हा थर इतका पातळ असतो कीं, त्यानें बळ कमी होत नाहीं. उलट तो खालच्या धातूस थोडेंबहुत पांघरूणच घालतो. केवळ तपकिरी झाली म्हणून चांगली पुंगळी टाकून देण्याचें कारण नाहीं, आणि तपकिरी झालेली घागर मोडींत घालण्याचेंही नाहीं.

दुसरा रंग काळा. हा बहुधा गंधकाचा प्रताप असतो. जुन्या काळ्या दारूंत सोरा, कोळसा व गंधक हीं तीन द्रव्यें असतात. ती जळल्यावर मागें जी राख राहते तिच्यांत गंधकाचे क्षार असतात, व ते हवेंतील पाणी ओढून घेतात. म्हणून काळ्या दारूच्या पुंगळ्या त्याच दिवशीं गरम साबणाच्या पाण्यानें धुवाव्या लागतात. आठ दिवस तशाच राहिल्या तर काळ्या होऊन त्यांस खड्डे पडतात. धूर न करणाऱ्या नव्या दारूंत गंधक नाहीं, त्यामुळें ही पीडा पुष्कळ कमी झाली आहे. रबरांतही गंधक असतो. पितळेच्या वस्तूंभोंवतीं रबराचा पट्टा गुंडाळून ठेवला तर पट्ट्याखालीं काळी रेघ उमटते, हें कोणासही घरीं करून पाहतां येईल.

तिसरा रंग हिरवा. यालाच आपण जंगाल म्हणतों. आम्ल, घाम, मीठ अथवा ओली हवा यांच्याशीं तांब्याचा संयोग होऊन हे हिरवे क्षार तयार होतात. पितळी भांड्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें, असें आपल्या घरांतील वडील मंडळी म्हणतात. तें कळकणें म्हणजे ताकांतील आम्लानें तांब्याचे क्षार विरघळविणें होय, आणि ते पोटास अपायकारक असतात. पूर्वीं शिकारी लोक काडतुसें चामड्याच्या पट्ट्यांत खोंवून ठेवीत. चामडें कमावतांना वापरलेलीं द्रव्यें व चरबी यांच्या योगानें पुंगळीवर हिरवें, मेणासारखें कीट धरे. हिरवा डाग दिसला म्हणजे तो पुसून खालीं काय आहे तें पाहावें. खालचें पितळ गुळगुळीत असेल तर चिंता नाहीं. नखास लागेल असा खड्डा असेल तर ती पुंगळी बाद समजावी. हिरवा रंग पुंगळीच्या आंतून आला असेल तर दारूच कुजूं लागल्याचा संशय घ्यावा. नवी दारू फार जुनी होऊन बिघडूं लागली म्हणजे तिच्यांतून नत्राचे आंबट वायु निघतात, व ते पितळेस आंतून खातात.

चौथा रंग तांबूस अथवा गुलाबी. हा मात्र विचार करण्याजोगा आहे. पितळेंत तांबें व जस्त जोडीनें राहतात, परंतु आम्ल किंवा खारें पाणी यांपुढें दोघांची शक्ति सारखी नसते. जस्त आधीं निघून जातें आणि तांबें मागें राहतें. म्हणून पिवळ्या पितळेवर तांबडे ठिपके दिसतात. चिंचेनें वा लिंबानें घासल्यावर भांड्यास क्षणभर जी लाली येते ती याच जातीची, पण ती केवळ वरच्या पापुद्र्यापुरती असल्यानें निरुपद्रवी होय. तीव्र आम्लांत अथवा मिठाच्या ओलींत वस्तु दीर्घकाळ राहिली, तर मात्र जस्त खोलवरून निघून जातें. मग मागें राहिलेलें तांबें स्पंजासारखें पोकळ असतें. आकार जसाच्या तसा दिसतो, परंतु बळ गेलेलें असतें. वाळवीनें पोखरलेल्या तुळईसारखी तिची स्थिति होते.

पांचवी छटा सर्वांत मौजेची आहे. लष्करी काडतुसाच्या गळ्याभोंवतीं निळसर, जांभळट, तपकिरी असा पट्टा दिसतो. अनभिज्ञ मनुष्य त्यास गंज समजतो आणि पुसावयास जातो. तो गंज नव्हे. गळा मऊ करण्यासाठीं ज्वाळेवर धरला, त्याची ती खूण आहे. बाजारांत विकावयाच्या काडतुसांवरून ती घांसून काढतात, कारण गिऱ्हाइकास चकचकीत माल हवा असतो. फौजेच्या काडतुसांवर ती राहूं देतात, म्हणजे गळा तापविला गेला आहे हें तपासनिसास पाहतांच कळतें. ही तापविण्याची क्रिया इतकी महत्त्वाची कां ठरली, हें पुढील हकीकतीवरून समजेल.

पागेंतील काडतुसें

एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील ब्रिटिश फौजेच्या हालचाली पावसाळ्यांत थंडावत. रस्ते चिखलाचे, नद्या भरलेल्या. तेव्हां दारूगोळा कोरड्या जागीं ठेवून उघडिपीची वाट पाहावयाची, असा शिरस्ता असे. पुष्कळ ठिकाणीं ही जागा म्हणजे घोड्यांच्या पागा. डोक्यावर छप्पर, जागा मोठी, पहारा आयताच. जागेची निवड कोणासही वावगी वाटली नाहीं. परंतु पावसाळा संपून काडतुसें बाहेर काढावीं तों कित्येक पुंगळ्यांस तडे गेलेले आढळूं लागले. विशेषतः गोळी पक्की बसावी म्हणून जेथें गळा आंवळलेला असतो, तेथें हे तडे अधिक असत. कोणीं त्यांस हात लावला नव्हता, त्या कोठें आपटल्या नव्हत्या, त्यांतून बार उडाला नव्हता. नुसत्या पडल्या पडल्या त्या तडकल्या होत्या. ऋतु पालटला कीं हे तडे दिसत, म्हणून इंग्रजींत या विकारास सीझन क्रॅकिंग, म्हणजे ऋतूचे तडे, हें नांव पडलें.

याचा उलगडा व्हावयास बराच काळ जावा लागला. १९२१ मध्यें मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तीन इंग्रज संशोधकांनीं त्याचें कारण दाखवून दिलें. दोष पावसाचा नव्हता, आणि एकट्या पितळेचाही नव्हता. घोड्यांच्या मूत्रांत युरिया असतो; तो कुजला म्हणजे अमोनिया वायु निघतो. गोठ्यांत पहांटे शिरतांच नाकाला जो झोंबतो तोच हा वायु. पागेंतील दमट हवेंत हा वायु भरून राही व पुंगळ्यांपर्यंत पोंचे. पुंगळ्या थंड असतांना सांच्यांतून ओढलेल्या, म्हणून त्यांच्या अंगांत ताण कोंडलेला असे. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि पितळ फाटलें.

हें कसें घडतें तें पाहूं. धातु डोळ्यांस सलग दिसला तरी तो सूक्ष्म कणांचा बनलेला असतो, आणि कणाकणांमध्यें सीमा असतात. जसे भिंतींत दगड आणि दगडांमधील सांधे. अमोनिया, ओल व हवा हीं तिन्ही मिळून तांब्यास विरघळवितात. रसायनशाळेंत मोरचुदाच्या द्रवांत अमोनियाचा द्रव भरपूर घातला म्हणजे जो गर्द निळा रंग येतो तो याच संयोगाचा. पागेंत हा वायु अल्प असल्यामुळें सगळा पृष्ठभाग विरघळत नाहीं. तो कणांच्या सीमा धरून सुईसारखा आंत शिरतो. पितळेंत ताण नसता तर गोष्ट तेथेंच थांबती. परंतु ताणलेला धातु ती बारीक चीर दोन्ही बाजूंनीं ओढून उघडतो. उघड्या पडलेल्या नव्या धातूवर वायु पुन्हा चालून जातो. चीर आणखी खोल जाते. अशा रीतीनें बाहेरून जवळजवळ निष्कलंक दिसणारी पुंगळी आंतून फाटत जाते. तिच्यावर पुसून काढण्याजोगा डागही पुष्कळदां नसतो.

येथें तीन गोष्टी एकाच वेळीं हव्या असतात: धातूंतील ताण, अमोनिया, आणि ओल. यांपैकीं एक काढून घेतली तरी तडा जात नाहीं. शिवाय जस्ताचें प्रमाणही महत्त्वाचें आहे. १०० भागांत जस्त १५ पेक्षां कमी असेल तर हा विकार क्वचितच होतो. शुद्ध तांबें तर त्यापासून जवळजवळ मुक्तच असतें. ३० भाग जस्त असलेलें पुंगळीचें पितळ मात्र त्यास चटकन् बळी पडतें.

कारण कळल्यावर उपाय सोपा होता. हवेंतून अमोनिया घालविणें सैन्याच्या हातीं नेहमींच नसतें, पण पितळेंतील ताण कारखान्यांत घालवितां येतो. पितळ २५० ते ३०० अंश शतांश उष्णतेंत सुमारें तासभर ठेवलें तर त्याचा कठीणपणा फारसा न जातां ताण सैल पडतो. पुंगळीचा गळा ज्वाळेवर तापविला म्हणजे तो मऊ होतो आणि त्याच वेळीं ताणांतूनही सुटतो. वर सांगितलेला निळसर पट्टा या तापविण्याचीच खूण आहे. ज्यास आपण डाग समजलों तो पुंगळीच्या निरोगीपणाचा दाखला निघाला.

रसायनशाळेंत शिक्षकांच्या देखरेखीखालीं हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. एकाच कठीण पितळी पत्र्याच्या दोन पट्ट्या कापून दोन्ही केसांच्या आंकड्याप्रमाणें वांकवाव्या. एक तशीच ठेवावी. दुसरी वांकविल्यावर तापवून निवूं द्यावी. मग दोन्ही अमोनियाच्या द्रवाचा बोळा ठेवलेल्या झांकणाच्या बरणींत, बोळ्यास न शिवतील अशा ठेवाव्या. कांहीं तासांत किंवा एक-दोन दिवसांत पहिलीच्या वांकावर तडे दिसूं लागतात, दुसरी शाबूत राहते. बरणी उघडतांना तोंड दूर धरावें, कारण हा वायु डोळ्यांस व श्वासास तीव्र लागतो.

पुंगळी पारखण्याची रीत

आतां पुंगळी पुन्हा वापरणारा जाणता मनुष्य काय करतो तें पाहूं. तो तिला गरम साबणाच्या पाण्यानें धुतो, किंवा अक्रोडाच्या कवचाच्या अगर मक्याच्या बुरकुंडाच्या भरडींत घालून फिरत्या पिंपांत घोळतो. आम्ल वापरलेंच तर लिंबांत असतें तें सौम्य आम्ल, तेंही अगदीं पातळ व थोडा वेळ. नंतर भरपूर पाण्यानें धुवून कोरडें करतो. अमोनिया घातलेलें चकाकीचें औषध तो पुंगळीस लावीत नाहीं. तें कितीही झगझगीत करीत असलें तरी पागेंतील शत्रूस आपणच घरांत बोलाविल्यासारखें होय. वाळविण्यासाठीं तो पुंगळी फार तापवीतही नाहीं, कारण तापवून बूड मऊ झालें तर तें दाब सोसणार नाहीं. पूर्वींच्या टोप्यांत पारा असे, तेव्हां आणखी एक धोका होता. बार उडतांच पारा पितळेंत मुरे व तें ठिसूळ होई. आणि डोळ्यांस कांहींच दिसत नसे.

धुऊन झाल्यावर तो प्रत्येक पुंगळी उजेडांत धरून पाहतो. तोंडाशीं उभी चीर आहे कां? बुडाच्या किंचित् वर बाहेरून एक चकचकीत कडें दिसतें कां? हें कडें दिसावयास सुंदर, पण तें अत्यंत वाईट लक्षण आहे. वारंवार ताणल्यामुळें तेथील भिंत पातळ झाली असून पुढच्या बारास बूड निराळें होण्याची भीति आहे, असा त्याचा अर्थ. खात्रीसाठीं तो टोंक वांकविलेली बारीक तार आंत घालून भिंतीवरून फिरवितो. तेथें खांच लागली कीं पुंगळी चेपून मोडींत टाकतो. तपकिरी, डागाळलेली पुंगळी ठेवावयाची व झळकणारी फेंकावयाची, असा प्रसंग त्यास नित्य येतो. पितळ उघडें पडणें ही म्हण आपण खोट्या सोन्याविषयीं वापरतों. येथें तर खऱ्या पितळेचीही परीक्षा त्याच्या चकाकीवरून करतां येत नाहीं.

आपल्या घरीं व शेतावर

आपल्या वारूळवाडी-नारायणगांवच्या परिसरांत घोड्यांच्या पागा नाहींत, पण गोठे आहेत, आणि खताचीं कोठारेंही आहेत. युरियाच्या फुटक्या पोत्यास ओल लागली व तो मातींत मिसळला म्हणजे अमोनिया सुटतो. अमोनियम सल्फेट आणि चुना एकत्र आले तर तो फार लवकर सुटतो. द्राक्षबागाईतदारांकडे बोर्डो मिश्रणासाठीं मोरचूद व चुना असतोच. मोरचूद लोखंडास खातो म्हणून फवारणीच्या सामानांत पितळी तोट्या व पितळी आटे पूर्वींपासून वापरांत आहेत. या पितळी वस्तू खताच्या पोत्यांशेजारीं अथवा गोठ्याच्या आढ्यास पावसाळाभर टांगून ठेवल्या, तर काडतुसाचीच कथा त्यांच्यावर ओढवते. घट्ट पिळलेल्या आट्याच्या चाकीस उभा तडा जातो, आणि ऐन फवारणींत दाबाखालचें औषध उडून मनुष्याच्या तोंडावर येतें. म्हणून फवारणी झाली कीं पितळी भाग साध्या पाण्यानें धुवून, पुसून, सैल करून घरांत कोरड्या जागीं ठेवावे.

स्वयंपाकघरांतील गॅसच्या शेगडीची चावी व सिलिंडरच्या तोंडाची झडप बहुधा पितळेची असते. त्यांवर अमोनिया असलेलें धुण्याचें द्रव्य चोळूं नये. ओल्या फडक्यानें पुसावें आणि गळती पाहावयाची तर साबणाचा फेंस लावावा. अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहांतील नळ लोखंडाचे असतात, तांब्यापितळेचे नसतात, तेंही याच कारणास्तव.

भांड्यांविषयीं इतकेंच सांगावयाचें कीं, पितळी भांडें काळवंडलें म्हणून टाकूं नये. चिंच वा लिंबू लावावें, लगेच धुवावें व कोरडें करावें. आंबट पदार्थ त्यांत ठेवावयाचे असतील तर कल्हई असलीच पाहिजे. कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हां जो पांढरा, झोंबणारा धूर निघतो त्यांतही अमोनियाचा अंश असतो. मग भांडें कां तडकत नाहीं, असें एखादा चौकस विद्यार्थी विचारील. तो धूर क्षणभराचा असतो. शिवाय कथील २३२ अंश शतांश उष्णतेस वितळतें, म्हणजे कल्हईच्या वेळीं भांडें इतकें तापलेलें असतें कीं, त्यांतील ताणही कांहींसा सैल पडतो. ओतीव वस्तूंत ताण मुळांतच थोडा असतो. पत्र्याचीं दाबून केलेलीं भांडीं व ओढून केलेल्या नळ्या यांस अधिक जपावें.

एक सूचना विद्यार्थ्यांसाठीं, आणि ती पालकांनींही ध्यानांत धरावी. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नेमबाजीनंतर जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या मोजून परत करावयाच्या असतात. आठवण म्हणून एकही खिशांत घालूं नये. रानांत, नदीच्या कांठीं किंवा जुन्या पेटींत काडतूस सांपडलें तर तें उचलूं नये, घांसूं नये, तापवूं नये, त्यावर दगड मारूं नये. तें कितीही गंजलेलें असलें तरी आंतील टोपी जिवंत असूं शकते. वडील माणसास सांगून पोलिस-ठाण्यास कळवावें. आणि घरांत काळवंडलेली घागर असेल, तर तिला मोडींत घालण्यापूर्वीं एकदां धुवून, उजेडांत धरून, कांठ व सांधे बोटानें चांचपून पाहावे. तडा नसेल तर ती घागर अजून पुष्कळ वर्षें पाणी भरील.